हिप-हॉप संगीतातील सँप्लर व त्यांची पुनर्विक्री
सँप्लर म्हणजे ध्वनिमुद्रणाचा लहानसा तुकडा अंकीय स्मृतीत साठवून कळ दाबताच तो हव्या त्या स्वरपातळीवर वाजविणारे इलेक्ट्रॉनिक वाद्य. कोणती कळ कोणत्या क्षणी दाबली याची नोंद ठेवून तो क्रम पुनःपुन्हा वाजविणाऱ्या भागास सीक्वेन्सर म्हणतात. हिप-हॉप संगीतात ही दोन्ही कार्ये बहुधा एकाच यंत्रात एकवटलेली असतात.

न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात १९७३ च्या सुमारास डीजे कूल हर्क यांनी गीतातील केवळ तालवाद्यांचा भाग तबकड्यांवरून लांबवून वाजविण्याची रीत पाडली. सँप्लरने हे हाताचे काम यंत्राकडे सोपविले. ऑस्ट्रेलियातील फेअरलाइट (१९७९) हे आरंभीचे यंत्र अतिशय महाग असल्याने मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांपुरतेच राहिले.

कॅलिफोर्नियातील ई-म्यू कंपनीचे, डेव्ह रॉसम यांनी रचलेले एसपी-१२०० (१९८७) हे यंत्र मात्र हिप-हॉप निर्मात्यांनी आपलेसे केले. त्याची एकूण स्मृती अवघी १० सेकंदांची, आणि एका नमुन्यास फार तर २·५ सेकंद. त्यात ध्वनीचे मापन सेकंदाला सु. २६,००० वेळा व १२ बिटांत, म्हणजे ४,०९६ पायऱ्यांत होते. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हेच आकडे ४४,१०० व ६५,५३६ असे आहेत. जागा वाचविण्यासाठी निर्माते ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांच्या वेगाने वाजवून नमुना घेत व नंतर यंत्रात त्याचा स्वर उतरवीत. त्यामुळे ध्वनीस जो खरखरीत जाडपणा येई, तो तंत्रदृष्ट्या दोषच होय. परंतु याच दोषासाठी पुढे यंत्रास मागणी राहिली. रॉजर लिन यांनी अकाई या जपानी कंपनीसाठी रचलेल्या एमपीसी-६० (१९८८) या यंत्रातील सोळा चौकोनी पॅडमुळे बोटांनी वाजविण्यास सुलभता आली.

एसपी-१२०० चे उत्पादन १९९८ मध्ये थांबले. संगणकावरील आज्ञावली स्वस्त झाल्यावर ही यंत्रे निकामी ठरतील, अशी अपेक्षा वावगी नव्हती. प्रत्यक्षात वापरलेल्या यंत्रांचे मोल हजारो डॉलरांत होऊ लागले. रॉसम यांच्या नव्या कंपनीने २०२१ मध्ये हे यंत्र पुन्हा बाजारात आणले. जुने यंत्र घेताना कळा, सरकत्या पट्ट्या, विद्युत् पुरवठा व फ्लॉपी चालक तपासावे लागतात. फ्लॉपी चालकाच्या जागी स्मृतिपत्राचे साधन बसविल्याने ध्वनी बदलत नाही, तरीही काही संग्राहक मूळ भागांचाच आग्रह धरतात.

यंत्राबरोबर जुन्या फ्लॉपीही हाती येतात. परंतु त्यांतील नमुन्यांचे स्वामित्व विक्रीने मिळत नाही. न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने १९९१ मध्ये बिझ मार्की यांच्याविरुद्ध निर्णय दिल्यापासून नमुन्यासाठी आगाऊ परवानगी घेणे कंपन्यांना भाग पडले. ही परवानगी मूळ कलावंतापर्यंत पोहोचतेच असे नाही. जेम्स ब्राउन यांच्या ‘फंकी ड्रमर’ (१९७०) या ध्वनिमुद्रणातील क्लाइड स्टबलफील्ड यांच्या ड्रमवादनाचा तुकडा असंख्य हिप-हॉप गीतांत वापरला गेला. रचनाकार म्हणून नोंद नसल्याने २०१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांना त्याचे स्वामित्वधन जवळजवळ मिळालेच नाही. जे डिला (मृत्यू २००६) यांचे एमपीसी-३००० हे यंत्र विक्रीस न जाता त्यांच्या आईने वॉशिंग्टन येथील आफ्रिकन-अमेरिकन इतिहास व संस्कृती राष्ट्रीय संग्रहालयास दिले.