कोविनचा स्लॉट आणि आशाताईंचा वेळ

आजचा इतिहास ताजा आहे, तुमच्या-माझ्या आठवणीतला.

मार्च २०२०. सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात एकाच कुटुंबातले चौघे कोरोनाबाधित निघाले. आरोग्य सेतू अ‍ॅप आलं २ एप्रिलला. तोवर कोण कुणाला भेटलं, हे आरोग्य कर्मचाऱ्यांनी दारोदार फिरून, विचारून शोधलं.

पुढच्या वर्षी, १ मे २०२१ला, १८ ते ४४ वयाच्यांना लस खुली झाली. अट एकच, कोविनवर आधी नोंदणी. आणि कोविनवर मराठी आली थेट जूनमध्ये! साताऱ्याजवळच्या आमच्या गावात मी रोज फोन घेऊन बसायचो. स्लॉट दिसला म्हणेपर्यंत गायब. शेजारच्या वहिनींकडे साधा फोन. एका नंबरवर चौघांची नोंद व्हायची, म्हणून त्यांचं नाव माझ्या फोनवर टाकलं. २४ मेला सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा मिळाली, तेव्हा कुठे सुटलो.

आता १४ अंकी आभा क्रमांक आलाय. गावात तो काढायला मदत कोण करतं? आशाताई. रेंज नसते, ओटीपी अडकतो आणि बाळंतिणीच्या घरी जायला उशीर होतो. ऑक्टोबर २०२३मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा ऑनलाइन कामाची सक्ती नको, हीसुद्धा त्यांची मागणी होती.

मला वाटतं, अ‍ॅपच्या हिशेबात एक खर्च धरायचा राहतो. ते दुसऱ्यासाठी चालवून देणाऱ्या माणसाचा वेळ.

तुमच्या घरी आजीचा ओटीपी कोण वाचून दाखवतं? नक्की कळवा.