जुनी मोटार घेताना : पेट्रोल की डिझेल?

नगर जिल्ह्यात जुनी मोटार घ्यायचे ठरले, की आप्तेष्टांकडून मिळणारा पहिला सल्ला बहुधा एकच असतो : 'डिझेलच घ्या, परवडते.' हा सल्ला खोटा नाही. परंतु तो ज्या काळात जन्माला आला, तो काळ आता मागे पडला आहे. आज जुन्या मोटारीच्या बाबतीत डिझेल कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हे पंपावरील दरफलकावरून ठरत नाही. ते ठरते वर्षाला किती किलोमीटर धावायचे, ते कोणत्या रस्त्यावर धावायचे आणि त्या मोटारीचे किती आयुष्य शिल्लक आहे, या तीन गोष्टींवरून.

दरातील तफावतीचा इतिहास

डिझेलच्या लोकप्रियतेचे मूळ सरकारी दरनियंत्रणात होते. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये नियंत्रणमुक्त झाले. डिझेलवरील नियंत्रण मात्र कायम राहिले. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांच्या पुढे गेले, तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. त्या काळात देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलवर धावणाऱ्या होत्या, यात नवल नव्हते.

जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर टप्प्याटप्प्याने वाढू लागले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले. २०२२ ते २०२५ या काळात महाराष्ट्रात दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर लिटरमागे साधारण बारा ते चौदा रुपयांचे राहिले. डिझेल इंजिन एका लिटरमध्ये अधिक अंतर कापते, हा गुण मात्र पूर्वीसारखाच टिकून आहे. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक ऊर्जा असते, शिवाय डिझेल इंजिनाची कार्यक्षमताही अधिक असते. म्हणजेच आजची बचत आहे ती मुख्यतः इंजिनाच्या गुणामुळे, सरकारी सवलतीमुळे नव्हे.

हिशेब किलोमीटरचा

एकाच बनावटीच्या, एकाच वर्षाच्या दोन जुन्या मोटारी समोर आहेत असे समजू. पेट्रोलची मोटार लिटरला १५ किलोमीटर आणि डिझेलची २० किलोमीटर ॲव्हरेज देते; पेट्रोलचा दर १०४ रुपये आणि डिझेलचा ९१ रुपये आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी त्या दिवसाचा दर आणि मोटारीचे प्रत्यक्ष ॲव्हरेज घालावे. कंपनीने जाहीर केलेले ॲव्हरेज हिशेबात धरू नये. पुण्याची एआरएआय किंवा नगरची व्हीआरडीई यांसारख्या संस्थांतील प्रमाणीकरणाच्या चाचण्या ठरावीक परिस्थितीत होतात. खड्डे, गतिरोधक आणि उसाच्या ट्रॉल्या त्यांत नसतात.

या उदाहरणात पेट्रोलच्या मोटारीला किलोमीटरमागे ६ रुपये ९३ पैसे, तर डिझेलच्या मोटारीला ४ रुपये ५५ पैसे खर्च येतो. बचत २ रुपये ३८ पैशांची. २०१२ च्या दराने हाच हिशेब केला, तर डिझेलचा खर्च पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी भरतो. आज तो सुमारे दोन-तृतीयांश आहे.

आता डिझेलची मोटार ८० हजार रुपयांनी महाग आहे आणि तिच्या देखभालीला वर्षाला ८ हजार रुपये अधिक लागतात, असे धरू. तेव्हा चित्र पुढीलप्रमाणे दिसते :

महिन्याला ५०० किलोमीटर : वर्षाची निव्वळ बचत सुमारे ६,३०० रुपये, जादा किंमत भरून निघण्यास बारा वर्षांहून अधिक काळ.

महिन्याला १,००० किलोमीटर : निव्वळ बचत सुमारे २०,५०० रुपये; सुमारे चार वर्षे.

महिन्याला १,५०० किलोमीटर : निव्वळ बचत सुमारे ३४,८०० रुपये, सव्वादोन वर्षांच्या आसपास.

मोटार आठ वर्षांची असेल, तर पंधरा वर्षांची मूळ नोंदणी संपायला सातच वर्षे उरतात. महिन्याला ५०० किलोमीटर धावणाऱ्या कुटुंबाला गुंतवलेली जादा रक्कम इंधनाच्या बचतीतून त्या मुदतीत परत मिळत नाही. पुनर्विक्रीत काही भाग वसूल होईल हे खरे. तथापि मोटार जुनी होत जाते तसा हा भागही घटत जातो. याउलट, डिझेल आणि पेट्रोलच्या जुन्या मोटारींच्या किमतींत फारसा फरक नसेल, तर डिझेलचे पारडे बरेच लवकर जड होते. म्हणून जाहिरातीतील किंमत न पाहता दोन्ही किमतींतील फरक पाहावा.

रस्ता कोणता, हेही महत्त्वाचे

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात दोन अगदी भिन्न प्रकारचे मोटारमालक आढळतात. सावेडीहून नागापूर औद्योगिक वसाहतीत किंवा केडगावहून माळीवाड्यात ये-जा करणाऱ्याचा एका वेळचा प्रवास काही किलोमीटरचाच असतो. इतक्या अंतरात डिझेल इंजिन धड तापतही नाही. थंड इंजिनात इंधन पूर्ण जळत नाही, काजळी साचते आणि ईजीआर झडप तुंबू लागते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारी 'डीपीएफ' ही गाळणी असते. ती स्वच्छ होण्यासाठी मोटार अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर काही काळ सलग वेगात चालवावी लागते. केवळ गावात फिरणाऱ्या मोटारीची ही गाळणी वारंवार तुंबते आणि ती बदलण्याचा खर्च वर्षभराची इंधनबचत गिळून टाकू शकतो.

दुसरा मालक सुप्याच्या वसाहतीत रोज जातो, आठवड्यातून पुण्याची एक फेरी करतो, अथवा अकोले, कोपरगाव, जामखेड या तालुक्यांतून कामासाठी नगरला येतो. करंजी किंवा चंदनापुरी घाट भरलेल्या मोटारीने चढताना डिझेल इंजिनाचा कमी फेऱ्यांवरील जोर प्रत्यक्ष जाणवतो. अशा सलग, लांब प्रवासात इंजिन योग्य तापमानावर राहते, ॲव्हरेज चांगले मिळते आणि गाळणीही साफ राहते. डिझेल हे अशा मालकाचे इंधन आहे.

देखभालीचा जमाखर्च

डिझेल इंजिन दणकट असते, हा समज निराधार नाही. परंतु आधुनिक डिझेल इंजिनात टर्बोचार्जर, उच्च दाबाचा पंप आणि अतिशय बारीक छिद्रांचे इंजेक्टर असतात. पाणी किंवा कचरा मिसळलेले इंधन एकदा जरी गेले, तरी पंप-नोझलचे काम निघते आणि ते हजारांच्या घरात जाते. क्लच आणि दोन भागांचे फ्लायव्हील हेही अनेक डिझेल मोटारींत महाग पडणारे सुटे भाग आहेत. साध्या पेट्रोल इंजिनात प्लग, कॉइल, फिल्टर असे किरकोळ खर्चच अधिक येतात. टर्बो असलेल्या अलीकडच्या पेट्रोल इंजिनांना मात्र हे पूर्णपणे लागू नाही.

सुट्या भागांची उपलब्धता हा दुसरा मुद्दा. १.३ लिटरचे मूळ फियाट रचनेचे डिझेल इंजिन नगर-पुणे रस्त्यावरील रांजणगावच्या कारखान्यातही तयार होत असे. मारुतीच्या स्विफ्ट, डिझायरपासून फियाट पुंतो आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक मोटारींत या कुळातील इंजिने बसली. त्यामुळे त्यांचे भाग आणि ती जाणणारे कारागीर बहुतेक गावांत मिळतात. मात्र बीएस-६ मानक लागू होताच, म्हणजे एप्रिल २०२० पासून, मारुतीने डिझेल मोटारी बंद केल्या. इतर अनेक कंपन्यांनीही लहान मोटारींतून डिझेल इंजिन काढून टाकले. म्हणजे बाजारात दिसणारी डिझेल स्विफ्ट त्याआधीचीच असणार, हे लक्षात ठेवावे.

वय आणि नियम

'डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते' हा गैरसमज सर्वत्र पसरला आहे. ती मर्यादा दिल्ली आणि राजधानी परिसरापुरती होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तेथे दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर निर्बंध घातले, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले आणि २०२५ मध्ये त्यांत काही शिथिलता दिली. महाराष्ट्रात खासगी मोटारीची नोंदणी, पेट्रोल असो वा डिझेल, पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करता येते. त्यासाठीचे शुल्क केंद्राने एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपयांवर नेले. राज्यात २०१० मध्ये पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांना पर्यावरण कर लागू झाला, तेव्हा त्यातही डिझेल मोटारीचा दर पेट्रोलपेक्षा अधिक ठेवण्यात आला.

दिल्लीतील निर्बंधांमुळे तिकडच्या डिझेल मोटारी स्वस्तात इतर राज्यांत येतात. किंमत पाहून मोह होतो. पण त्या इथे आणताना तिकडच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आणि महाराष्ट्राचा वाहनकर भरणे ओघानेच येते. डिझेल मोटारींवर हा कर पेट्रोलपेक्षा अधिक आहे. हा सर्व खर्च मिळवल्यावर ती मोटार स्वस्त राहते का, हे आधी पाहावे.

पेट्रोलचा नवा प्रश्न

पेट्रोलची बाजूही पूर्णपणे निर्धास्त नाही. या जिल्ह्याचे साखर कारखाने ज्या इथेनॉलच्या उत्पादनात पुढे आहेत, ते पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण २०२५ मध्ये देशभर वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात होता. एप्रिल २०२३ पूर्वीच्या मोटारीत रबरी नळ्या, गॅस्केट आणि इंधनपंप तपासून घ्यावेत आणि निर्मात्याच्या पुस्तिकेत कोणते मिश्रण चालते ते पाहावे. वरील हिशेबात पेट्रोलचे ॲव्हरेज धरताना ही घट जमेस धरावी.

कंपनीतून बसवून आलेला सीएनजी हा तिसरा पर्याय आहे. राज्याने एप्रिल २०२२ मध्ये या इंधनावरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. मात्र नेहमीच्या मार्गावर पंप असणे, आरसीवर सीएनजीची नोंद असणे आणि टाकीची दर तीन वर्षांची दाबचाचणी झालेली असणे आवश्यक आहे.

पाहणी कशी करावी

मोटार पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे आणि विक्रेत्याला ती आधी सुरू करून ठेवू नये असे सांगावे. थंड डिझेल इंजिन फार वेळ फिरवावे लागत असेल, तर ग्लो प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन यांत दोष संभवतो. सायलेन्सरमधून सतत निळा धूर येणे म्हणजे ऑइल जळणे. दाट काळा धूर म्हणजे इंधन किंवा हवेच्या मार्गातील बिघाड. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला, तर कूलंट इंजिनात उतरत असण्याची शक्यता. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल केल्यावर जोराने वाफा येत असतील, तर इंजिनाची झीज झाली आहे असे समजावे. टर्बोची शिट्टीसारखी कर्कश ओरड हीदेखील धोक्याची सूचना होय. डिझेलचे ऑइल काळे दिसणे मात्र स्वाभाविक आहे.

डिझेल मोटारीचे मीटर विशेष संशयाने पाहावे. शिर्डी आणि शनिशिंगणापूर यांच्या दरम्यान भाविकांची ने-आण करणारी टुरिस्ट मोटार वर्षभरात घरगुती मोटारीच्या कितीतरी पट धावते. नंतर ती खासगी पासिंग होऊन बाजारात आली असेल, तर आधीचा वापर आरसीच्या नोंदींवरून आणि परिवहन कार्यालयातील माहितीवरून तपासता येतो. सर्व्हिसच्या नोंदी, जुन्या पीयूसी आणि विम्याची कागदपत्रे मीटरशी जुळवून पाहावीत. मीटर चाळीस हजारांचे आणि ब्रेकचे पेडल, स्टिअरिंग व चालकाची गादी झिजलेली, असे असल्यास कागदापेक्षा गादीवर विश्वास ठेवावा.

व्यवहार पुरा करताना नमुना २९ आणि ३०, कर्ज असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५, चालू विमा, पीयूसी आणि जुन्या वाहनांसाठीची उच्च सुरक्षा पाटी या गोष्टी पाहाव्यात. मोटार नगरच्या (एमएच-१६) किंवा श्रीरामपूरच्या (एमएच-१७) कार्यालयाकडे नोंदलेली असली, तरी प्रलंबित दंड किती, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर आधीच तपासावे. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रेत्याची 'नो क्लेम' सवलत खरेदीदाराकडे येत नाही.

सारांश, महिन्याला हजार किलोमीटरच्या आत आणि प्रामुख्याने गावात फिरणाऱ्या कुटुंबाने सुस्थितीतील पेट्रोल मोटार घेणे शहाणपणाचे. दीड हजारांच्या पुढे आणि लांब पल्ल्यावर धावणाऱ्याने, सर्व्हिसच्या नोंदी चोख असतील तर, डिझेल खुशाल घ्यावे. मधल्या मंडळींनी दोन्ही किमतींतील फरकाला वर्षाच्या निव्वळ बचतीने भागावे. येणारा आकडा मोटार वापरण्याच्या आपल्या इराद्यापेक्षा मोठा असेल, तर पंपावर डिझेल कितीही स्वस्त दिसले, तरी ते परवडणारे नाही.