बर्कच्या स्वारीचा सरंजाम

1851 साली सोन्याच्या खाणी सापडल्यापासून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीच्या खजिन्यात जी संपत्ती लोटू लागली, तिने मेलबर्नच्या प्रतिष्ठित मंडळींच्या ठायी कीर्तीचीही आकांक्षा उत्पन्न केली. आणि शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाचा जॉन मॅकडुअल स्टुअर्ट त्या रुक्ष खंडाच्या अंतर्भागात एकामागून एक स्वाऱ्या काढीत असता आपण स्वस्थ बसणे त्यांना अप्रतिष्ठेचे वाटू लागले. तेथील रॉयल सोसायटीने दक्षिणोत्तर खंड ओलांडण्याची तजवीज केली आणि नायकत्व रॉबर्ट ओ'हारा बर्क या आयरिश पोलिस अधिकाऱ्याला दिले. गृहस्थ शूर होता, उमदाही होता. रानात वाट काढण्याचा अनुभव मात्र त्याला नव्हता, आणि निवडणाऱ्यांना ती उणीव फारशी खुपली नाही.

20 ऑगस्ट 1860 रोजी रॉयल पार्कमधून हा लवाजमा निघाला, तेव्हा हजारोंची गर्दी लोटली होती. एकोणीस माणसे, सव्वीस उंट, तेवीस घोडे, सहा गाड्या आणि सुमारे वीस टन सामान. त्यात ओक-देवदाराचे मेज होते, चिनी घंटा होती आणि उंटांना पाजण्यासाठी साठ गॅलन रम होती! बहुतेक उंट जॉर्ज लँडेल्सने हिंदुस्थानातून आणले होते, आणि त्यांच्याबरोबर दोस्त महंमदासारखे उंटवालेही. सामला नावाचा हिंदू उंटवाला थोड्याच दिवसांत रजा घेऊन परतला, कारण शिध्यातले गोमांस त्याला चालणारे नव्हते. वीस टनांच्या रसदीत त्या एका माणसाच्या पोटाची सोय कोणाच्या ध्यानी आली नव्हती.

मेनिंडी येथे लँडेल्सने राजीनामा दिला, त्याचे दुय्यमपद तरुण विल्यम विल्सकडे आले, आणि उतावळ्या बर्कने मागच्या रसदीची वाट न पाहता निवडक माणसांनिशी कूपर क्रीक गाठली. तेथे ब्राहे याच्या हाती तळ सोपवून, तीन महिने थांबण्याचा हुकूम देऊन, 16 डिसेंबर रोजी बर्क, विल्स, किंग आणि ग्रे असे चौघे उत्तरेकडे गेले. फेब्रुवारीत ते कार्पेंटारियाच्या आखाताजवळ पोचले. पण खाजणाच्या दलदलीमुळे मोकळा समुद्र काही त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

परतीच्या वाटेत ग्रे मरण पावला. त्याला पुरण्यात एक दिवस गेला. उरलेले तिघे 21 एप्रिल 1861 च्या सायंकाळी तळावर आले, तेव्हा ब्राहे त्याच सकाळी कूच करून गेला होता. चार महिन्यांहून अधिक काळ थांबून, आजारी सोबत्याला घेऊन, झाडावर खणण्याची खूण कोरून. पुरलेली रसद यांना मिळाली. परंतु आपण आल्याची चिठ्ठी पुरताना बर्कने झाडावर नवी खूण केली नाही, आणि पंधरवड्यातच ब्राहे पुन्हा येऊन गेला तो आल्या पावली परतला. या योगायोगाचे करुण वर्णन करण्यात इतिहासकार रमतात. माझ्या मते मात्र खरी चूक पुढेच आहे.

कूपरच्या काठी यांद्रुवांधा लोकांची वस्ती होती. त्यांनी या भुकेल्यांना मासे दिले, नार्डू या पाणवनस्पतीच्या बीजकोशांच्या भाकरी दिल्या. आणि बर्कने काय करावे, तर एका क्षुल्लक चोरीवरून त्यांच्या डोक्यांवरून गोळी झाडावी! तिघांनी नार्डू स्वतःच दळून खाल्ला. पण ते लोक तो ज्या रीतीने पाण्यात घालून शुद्ध करीत, ती रीत यांनी उचलली नाही, आणि पोट भरूनही अंग झडत गेले, असा पुढील संशोधकांचा तर्क आहे. जूनअखेरीच्या सुमारास विल्स आणि बर्क मरण पावले. हिंदुस्थानात शिपाईगिरी केलेला जॉन किंग तेवढा वाचला: तो यांद्रुवांधांच्या आश्रयास गेला, त्यांच्यासाठी पक्षी मारू लागला, एका बाईच्या दुखऱ्या हातावर त्याने उपचारही केले. आल्फ्रेड हाउइटच्या शोधपथकाला सप्टेंबरात तो तेथेच सापडला.

चौकशी आयोगाने बर्कसह अनेकांना दोष दिला. तरी 1863 साली त्याची व विल्सची मेलबर्नमध्ये सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली, आणि पुढे ब्राँझचा पुतळाही उभा राहिला. दोस्त महंमदाचा हात नंतरच्या नोकरीत उंटाच्या चाव्याने कायमचा निकामी झाला. मेनिंडीजवळच त्याची कबर आहे. 1866 साली कराचीहून 124 उंट आणि 31 उंटवाले दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरले, आणि मोटारी येईपर्यंत त्या वैराण मुलखातील खाणी, मेंढवाडे व तारायंत्राची ठाणी यांची रसद बरीचशी त्यांच्यासारख्यांच्याच तांड्यांनी वाहिली.