माइनक्राफ्टमधील स्क्रीनशॉट : टिपणे आणि शोधणे

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातील राजवाड्याचा बराच भाग ढासळला आहे. 'माइनक्राफ्ट' खेळात त्याची प्रतिकृती उभारल्यास तिचे चित्र वेळीच टिपणे इष्ट. खेळातील जग पुसले गेले की बांधकामही नाहीसे होते. संगणकावरील जावा आवृत्तीत एफ१ कळीने पडद्यावरील खुणा लपतात, तर एफ२ कळीने चित्र टिपले जाते. दिनांक व वेळ हेच नाव धारण करून ते पीएनजी स्वरूपात खेळाच्या 'स्क्रीनशॉट्स' फोल्डरमध्ये साठते. विंडोजमध्ये हे फोल्डर 'अ‍ॅपडेटा' या लपविलेल्या विभागात असल्याने सहजी सापडत नाही. अशा वेळी पुन्हा एफ१ दाबून चॅट उघडावे व तेथे उमटलेल्या फाइलच्या नावावर क्लिक करावे, चित्र उघडते. खेळाचे मूळ फोल्डर पुसल्यास चित्रेही जातात. म्हणून त्यांची प्रत अन्यत्र जपावी.