बादशहाची टर्की आणि परसातली पिल्लं

मैत्रिणींनो, टर्की हा पक्षी मूळचा आपल्याकडचा नव्हे. मेक्सिकोच्या लोकांनी तो दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. १६१२ साली मुकर्रब खानाने पोर्तुगीजांच्या गोव्याहून दुर्मिळ जिनसा आणल्या, त्यांत टर्की होती. तिच्या डोक्याचे बदलते रंग पाहून जहांगीर बादशहा थक्क झाला. त्याने तिचं वर्णन लिहिलं, चित्र काढवून घेतलं. उस्ताद मन्सूरचं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

बादशहा आणि चितारी इतिहासात राहिले. पिल्लं जगवणारे हात मात्र राहिले नाहीत. मेक्सिकोच्या खेड्यांत हे काम आजही बहुतेक बायकाच परसात करतात.

आणि ते सोपं नाही. २८ दिवसांनी अंड्यातून निघालेलं पिल्लू दाणे समोर असूनही उपाशी मरू शकतं, कारण खायला ते उशिरा शिकतं. म्हणून आपण त्याची चोच हलकेच पाण्यात बुडवतो, दाण्यांवर बोटाने टकटक करतो. पहिले १५ दिवस दहा पिल्लांमागे रोज एक उकडलेलं अंडं आणि लिटरभर पाण्यात १०० मिली दूध देतो. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब ठेवतो, मग दर आठवड्याला तीन अंश कमी करतो. कोंबड्यांच्या खुराड्यात मात्र ती सोडायची नाहीत. त्यांच्या विष्ठेतून ब्लॅकहेड रोग लागतो.

बादशहासमोर डौलात उभा राहिलेला तो पक्षीही कधीतरी असंच इवलंसं पिल्लू होता. त्यालाही कुणीतरी पहिला दाणा दाखवला असेल.