गडाच्या पायथ्याचे मैदान : तालमीपासून जीवनकौशल्यांपर्यंत

१/ भोर आणि वेल्हे म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांसमोर रोहिडा, राजगड आणि तोरणा उभे राहतात. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णयही राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. या धाग्याचा विषय मात्र गडाच्या पायथ्याशी आहे : गावची तालीम, शाळेचे पटांगण आणि तेथे मुलांना खेळातून मिळत आलेले आरोग्याचे व जगण्याचे धडे.

२/ ‘खेळातून जीवनकौशल्ये’ हा शब्दप्रयोग अलीकडचा आहे. त्यामुळे ही कल्पना बाहेरून आलेल्या एखाद्या प्रकल्पाबरोबरच महाराष्ट्रात पोहोचली, असा समज होतो. तो अर्धवट आहे. खेळाने मूल घडते हा विचार येथे शतकाहून जुना आहे. काळानुसार दोन गोष्टी बदलत गेल्या : मूल कशासाठी घडवायचे आणि मैदानात कोणाला घ्यायचे. हा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

३/ आरंभ तालमीपासून. मावळातच नव्हे, तर साऱ्या पश्चिम महाराष्ट्रात मारुतीचे देऊळ, त्याच्या आसपासची तालीम आणि जत्रेतला कुस्त्यांचा फड ही गावची ओळख होती. वस्ताद केवळ डावपेच शिकवत नसे. पहाटे उठणे, जोर-बैठका, खुराक, निर्व्यसनीपणा, हौद्यातील मातीची निगा, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेणे, हे सारे त्याच्याच देखरेखीखाली होई. आज ज्याला आरोग्यशिक्षण म्हणतात, त्याचा मोठा भाग पुस्तकाविना तेथे चाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी या परंपरेला राजाश्रय दिला; तेथील खासबाग मैदान १९१२ चे.

४/ पण तालमीला उंबरठा होता. मुली त्याच्या बाहेर होत्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील मुलांनाही अनेक गावांत तो ओलांडता येत नसे. मुलींचे खेळ वेगळे : झिम्मा, फुगडी, भोंडला. त्यांतील गाण्यांत सासर-माहेरची सुखदुःखे बोलली जात. म्हणजे शरीराच्या व्यायामाबरोबर मन मोकळे करण्याची जागाही तेथे होती. मात्र ती जागा नागपंचमी, मंगळागौर, नवरात्र अशा ठरावीक दिवसांपुरती उघडे. रोजचे मैदान मुलांचेच राहिले.

५/ पुढचा टप्पा पुण्यातला. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना स्थापन झाला आणि १९१४ मध्ये तेथे खो-खोचे नियम बांधले गेले. वरवर ही बाब तांत्रिक वाटते. परंतु नियम छापले गेले की खेळ एका गावाचा किंवा एका वस्तादाचा राहत नाही. दोन अनोळखी गावांतील मुले एकाच नियमाने खेळू शकतात, पंचाचा निर्णय सर्वांना बांधतो आणि शिक्षकाला तो खेळ शाळेच्या वेळापत्रकात बसवता येतो. शिवाय खो-खोला दोन खांब आणि मोकळी जमीन पुरते. डोंगरी तालुक्यातील शाळेला परवडणारा खेळ तो हाच.

६/ खो-खोची रचना पाहिली की नियम स्वतःच कसे शिकवतात हे कळते. आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो. धावणाऱ्याने एकदा दिशा पकडली की मध्येच मागे फिरता येत नाही; मधली रेषा ओलांडून पलीकडेही जाता येत नाही. बळी हाती लागत नसेल, तर योग्य जागी बसलेल्या सोबत्याला खो देऊन स्वतः खाली बसावे लागते. बसलेल्यालाही खो मिळेपर्यंत उठता येत नाही. संयम, चटकन निर्णय आणि आपली संधी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे : या तीन गोष्टी व्याख्यानाने शिकवणे अवघड आहे. येथे त्या शिकल्याशिवाय डाव जिंकताच येत नाही.

७/ याच सुमारास भोरप्रमाणे दक्षिणी संस्थानांत मोडणाऱ्या औंधात मोठा प्रयोग झाला. भोरला पंत सचिवांचे राज्य, औंधला पंत प्रतिनिधींचे; दोन्ही संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. औंधचे भवानराव पंत प्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि संस्थानच्या शाळांत तो नेमाने सुरू केला. त्यांच्या मांडणीत व्यायामाबरोबर आहार, श्वसन आणि दैनंदिन सवयी येत. १९३८ मध्ये त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. सबंध संस्थानातील विद्यार्थ्यांचे आरोग्य हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, हा त्यातील महत्त्वाचा विचार.

८/ त्या दशकांतील सार्वजनिक व्यायामचळवळीचा सूर वेगळा होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) आणि कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी पुण्यात स्थापलेले महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) या संस्थांनी व्यायामाला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. परकीय सत्तेखालील समाजाला आपण दुबळे नाही हे सिद्ध करायचे होते. म्हणून बलोपासना ही राष्ट्रसेवा ठरली. मुलाचे शरीर कमवायचे ते देशासाठी. त्या मुलाला स्वतःला काय हवे, हा प्रश्न अजून मागेच होता.

९/ उंबरठ्याच्या प्रश्नाला थेट भिडलेली संघटना म्हणजे राष्ट्र सेवा दल. १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली दलाची नव्याने उभारणी झाली. शाखेवर कवायत, खेळ आणि गाणी असत. पण त्या शाखेत जातिधर्मभेद न मानता मुलगे आणि मुली एकत्र येत. एकाच मैदानावर खेळणे हाच तेथे समतेचा पाठ होता. खेळ तेच राहिले, खेळणारे बदलले आणि त्यामुळे खेळाचा अर्थही बदलला.

१०/ विसाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या प्रश्नाचे उत्तरही बदलले. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातील ३१ व्या कलमाने खेळ हा मुलाचा हक्क मानला. भारताने १९९२ मध्ये हा करार स्वीकारला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी मांडली : निर्णय घेणे, समस्या सोडवणे, संवाद साधणे, दुसऱ्याचे दुःख जाणणे, भावना व ताण हाताळणे इत्यादी. खेळ आता राष्ट्राच्या बळासाठी नव्हे, तर त्या मुलाच्या स्वतःच्या आयुष्यासाठी होता.

११/ महाराष्ट्रात या विचाराला रूप देणारी दोन नावे ठळक. मॅथ्यू स्पेसी यांनी दक्षिण मुंबईतील रस्त्यावरच्या मुलांना रग्बी खेळायला घेतले आणि त्यातून १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. नागपुरात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) त्यांच्याच कार्यावर बेतलेला आहे. दोन्हीकडे खेळाडू निवडून काढण्याऐवजी कोणालाही न वगळण्यावर भर होता.

१२/ अशा कार्यक्रमांची पद्धत साधी असते. वस्तीतीलच एखादा तरुण किंवा तरुणी मुलांना खेळवते. समजा, शिवाशिवीचा खेळ आहे : पकडणारे ‘जंतू’, मोजकी मुले ‘साबण’. साबण जवळ असेल तर गडी वाचतो. दमल्यावर सारे गोल करून बसतात आणि प्रश्न येतो : कोण लवकर बाद झाले? का? घरी हात कधी धुतले जातात? खेळ संपल्यावरची ही दहा मिनिटे काढून टाकली, तर उरते ती नुसती पळापळ. जुना वस्तादही कुस्तीनंतर चार शब्द सांगे. येथे प्रथम मुले बोलतात, हा फरक.

१३/ भोर-वेल्ह्यात या इतिहासाची कसोटी लागते. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या-वस्त्या, धनगर व कातकरी कुटुंबे, त्यांतील अनेकांचे हंगामी स्थलांतर आणि सह्याद्रीचा पाऊस. सपाट जमीन मुळातच कमी. त्यातही भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांखाली खोऱ्यांतली बरीच जमीन गेली. बालशिक्षण हक्क कायद्याने (२००९) शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले. पण डोंगरात समतल पटांगण काढणे कागदावर लिहिण्याइतके सोपे नाही.

१४/ याहून कठीण उंबरठा मुलींचा. पाळी सुरू झाली की मुलीचे मैदान सुटते, ही ग्रामीण भागात आजही सहज घडणारी गोष्ट. नेमक्या याच वयात तिला आहार, रक्तक्षय आणि स्वतःच्या शरीराविषयी बोलण्याची जागा हवी असते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तर २० ते २४ वयोगटातील दर पाचांमागे सुमारे एकीचे लग्न अठराच्या आत झालेले आहे. म्हणून तेरा-चौदा वर्षांची मुलगी संध्याकाळी खो-खोच्या चौकात बसलेली दिसणे, हे क्रीडास्पर्धेतील पदकाहून मोठे यश आहे.

१५/ निष्कर्ष एवढाच : खेळ आपोआप संस्कार करत नाही. मैदान काय शिकवते, हे त्यावर कोणाला घेतले आणि खेळानंतर कोणाला बोलू दिले, यावर ठरते. तालमीने शिस्त दिली, जिमखान्याने नियम दिले, औंधाने आरोग्याला राज्याचे कर्तव्य मानले, सेवा दलाने मैदान सर्वांना खुले केले. आजचे उपक्रम या चौघांच्या खांद्यावर उभे आहेत.

१६/ गडांच्या बखरी जपल्या गेल्या, मैदानांच्या नाहीत. आपल्या गावची तालीम कोणी बांधली, शाळेत मुलींचा पहिला संघ कधी उतरला, आजीने खेळ कोणत्या वयात सोडला आणि का, याची उत्तरे फारशा दप्तरांत मिळणार नाहीत. ती माणसांच्या आठवणीत आहेत. इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी ती विचारून, तारीखवार लिहून ठेवावीत. सांगणारे अजून गावात आहेत.