ऑपरेशन थिएटरच्या मॉनिटरवरचे आकडे कसे वाचतात?

स्मार्टवॉचवर पल्स आणि ऑक्सिजन बघायची आता आपल्याला सवय झाली आहे. हेच आकडे ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या मॉनिटरवरही असतात. मी धाराशिव जिल्ह्यात ओटी असिस्टंट आहे. इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून या कामाबद्दल विचारणारी मुलं-मुली वाढली आहेत. त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "सगळं मशीनच सांगतं, मग शरीर कशाला शिकायचं?" चला, मॉनिटरवरूनच बघूया.

१. एसपीओटू (रक्तातला ऑक्सिजन)

बोटाच्या क्लिपमधून लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश जातात. ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन इन्फ्रारेड जास्त शोषतं, ऑक्सिजन नसलेलं लाल जास्त शोषतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर होणारा बदल मोजून मशीन टक्केवारी काढतं. ही कल्पना जपानी इंजिनिअर ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडली.

म्हणजे बोटात रक्त वाहत नसेल तर आकड्यावर भरवसा नाही. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एकदा आकडा अचानक घसरला आणि मला घाम फुटला. कारण एवढंच, की बीपीचा पट्टा त्याच हाताला होता. पट्टा फुगला की धमनी दाबली जाते आणि बोटातली नाडीच थांबते. गार पडलेली बोटं, थरथर, गडद नेलपॉलिश यांनीही आकडा चुकतो. तरी नियम एकच: आधी पेशंटकडे बघा, मग क्लिपकडे.

२. ईसीजी

कॉटरी सुरू झाली की ईसीजीची रेषा वेडीवाकडी होते. हृदय बिघडलं का? खालचा एसपीओटूचा तरंग नियमित असेल, तर हृदय रक्त ढकलतंय आणि तो बहुधा विजेचा गोंधळ आहे.

३. ईटीसीओटू (श्वासातला कार्बन डायऑक्साइड)

हा आकडा साधारण ३५ ते ४५ असतो. श्वासनलिकेच्या अगदी मागे अन्ननलिका असते. भूल देताना नळी चुकून तिकडे गेली, तर आधी दिलेल्या ऑक्सिजनमुळे एसपीओटू काही मिनिटं छान दिसू शकतो! पण कार्बन डायऑक्साइड फुप्फुसातूनच येतो, त्यामुळे त्याचा तरंग टिकत नाही. निर्णय भूलतज्ज्ञांचा असतो, पण "सर, तरंग येत नाहीये" हे लगेच आणि मोठ्यानं सांगणं आपलं काम आहे. इथे जीव वाचतो किंवा जातो.

मॉनिटरवर न दिसणाऱ्या गोष्टी

- कॉटरीची प्लेट मांडीसारख्या भरपूर स्नायू असलेल्या जागी लावतात. हाडावर, जुन्या व्रणावर किंवा आत धातूची पट्टी असेल तिथे लावत नाहीत, नाहीतर भाजू शकतं.
- कोपराच्या आतल्या बाजूला नस कातडीच्या अगदी जवळ असते (टेबलाला लागलं की झिणझिण्या येतात तीच). म्हणून तिथे मऊ पॅड ठेवतात.
- हात ९० अंशांपेक्षा जास्त बाजूला ताणत नाहीत, कारण काखेतल्या नसा ओढल्या जातात.

भूल दिलेला माणूस "दुखतंय" म्हणू शकत नाही. त्याच्या वतीनं हे आपल्यालाच माहीत असावं लागतं.

चेकलिस्ट

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आणली. त्या कामाचं नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केलं. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. भूल देण्याआधी पल्स ऑक्सिमीटर लावलाय का, चालू आहे का, हा त्यातला एक प्रश्न आहे.

थोडक्यात: आकडा मशीन देतं. तो खरा की खोटा, हे शरीर शिकलेला माणूसच ओळखतो. घरी घड्याळात ऑक्सिजन कमी दिसला तर हात गरम करून, स्थिर बसून पुन्हा मोजा. पण दम लागत असेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर आकड्याची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.